सानियाने एकेरी सोडली ते बरं केलं का? (आणि आमच्या लेकीचं मनगट)

टाकाळ्याची माई (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. इथं फुटबॉल आणि मिसळीचे धागे रोज शंभरी गाठतात, टेनिसचा एकही दिसत नाही. म्हणून धाडस करते.

लेक चौदाची आहे, सहा वर्षं टेनिस खेळते. गेले दोन महिने उजवं मनगट दुखत होतं. परवा डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे रॅकेट बंद. कोच म्हणाले, बरी झाली की एकेरी कमी करू, दुहेरीवर भर देऊ, सानियानंही तेच केलं होतं. हे मी रात्री जेवताना सांगितलं, तर आमचे दीर (कॉलेजात खेळलेले, त्यामुळे घरातले टेनिसतज्ज्ञ) फिसकन हसले. म्हणाले, "दुहेरी म्हणजे ज्याला एकेरी झेपत नाही त्याचा खेळ. सानिया जागतिक क्रमवारीत सत्तावीसच्या वर सरकली नाही, म्हणून तिकडं गेली." लेक भाकरी अर्धी टाकून उठली.

मला टेनिसमधलं कळतं ते स्कूटरपुरतं, म्हणजे सोडायचं आणि आणायचं. म्हणून जाणत्यांना विचारते. सानिया मिर्झाची कारकीर्द तुम्ही कशानं मोजता? एकेरी सोडली ती हार होती का?

बेसलाईन (रात्री १०:०५)

दिरांच्या हसण्याशी असहमत, म्हणण्याशी सहमत.

टेनिस एकट्यानं खेळायचा खेळ आहे. समोर एक, इकडे एक, मध्ये जाळी. दुहेरीत अर्धं कोर्ट दुसरं कुणीतरी सांभाळतं. शिवाय अव्वल एकेरीवाल्या बहुतेक दुहेरीत उतरतच नाहीत, म्हणजे चढाओढच अर्धी. माझं खरं वाटत नसेल तर बक्षीस बघा. २०१५ च्या विम्बल्डनला महिला एकेरीच्या विजेतीला १८ लाख ८० हजार पौंड. त्याच वर्षी दुहेरीत सानिया आणि मार्टिना हिंगीस जिंकल्या, त्या जोडीला मिळून ३ लाख ४० हजार. म्हणजे एकीच्या वाट्याला १ लाख ७० हजार. बाजारानं किंमत सांगून टाकली आहे, मी कोण सांगणार.

एकेरीतलं तिचं सर्वोच्च स्थान २७, ऑगस्ट २००७. मोठी कामगिरी आहे, नाकारत नाही. पण पुढचं सगळं दुय्यम.

तांबडा पांढरा (रात्री १०:११)

जगात सत्तावीसावी आणि "वर सरकली नाही"? आमच्या गल्लीत कुणी जिल्ह्यात सत्तावीसावा आला तर डॉल्बी लावून मिरवणूक काढतील की राव.

माई, दिरांचा स्वतःचा नंबर किती होता तेवढं विचारा.

टाकाळ्याची माई (रात्री १०:१४)

@तांबडा पांढरा, कॉलेजच्या संघात राखीव. पण हे मी सांगितलं असं कुठं बोलू नका.

खासबाग (रात्री १०:३०)

मला टेनिसमधलं ढेकळं कळत नाही. पण तालमीत आयुष्य गेलंय, त्यावरून बोलतो.

आमच्यात एक पैलवान होता. घिस्सा डाव असा मारायचा की समोरच्याला आभाळ दिसायचं. गुडघा गेला. घिश्याला गुडघा टेकावा लागतो, मग करणार काय? वस्तादांनी त्याला वर्षभर नुसती ढाक आणि टांग घोटून घेतली. तीन वर्षं त्यावर कुस्त्या मारल्या गड्यानं. कुणी म्हणालं नाही की ह्याला घिस्सा झेपत नव्हता. चीतपट ती चीतपट. कशानं पाडलं हे पंच विचारत नाही.

बेसलाईन (रात्री १०:३८)

@खासबाग, दाखला जोरदार आहे, पण तुमचा पैलवान आखाड्यात एकटाच होता ना? जोडीदार घेऊन नव्हता उतरला.

खासबाग (रात्री १०:४१)

बरं बाबा. 😄 हे मानलं.

भवानी मंडप (सोमवार, सकाळी ७:२०)

"२७ च्या वर सरकली नाही" हे वाक्य ज्यांनी २००५ साल पाहिलं नाही त्यांनीच बोलावं.

मी तेव्हा विद्यापीठात एम.ए. करत होतो. होस्टेलवर एक टीव्ही, त्यावर कायम क्रिकेट. त्या जानेवारीत मेलबर्नला अठरा वर्षांची पोरगी वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर) ऑस्ट्रेलियन ओपनला उतरली आणि दोन फेऱ्या मारून तिसरीत गेली. त्याआधी १९९८ मध्ये निरुपमा वैद्यनाथननं तिथंच मुख्य स्पर्धेतला एक सामना जिंकला होता, तोच केवढा पराक्रम वाटला होता. भारतीय बाई एकेरीच्या तिसऱ्या फेरीत जाते हे तोवर घडलंच नव्हतं. तिसरीत समोर सेरेना. ६-१, ६-४ हरली. पण दुसऱ्या सेटला चार गेम घेतले तेव्हा आमच्या होस्टेलचा आचारी पोळ्या टाकायचं सोडून दारात उभा होता. त्याला गुण कसे मोजतात ते कळत नव्हतं. "पंधरा, तीस झालं, मग चाळीस का? पंचेचाळीस का न्हाई?" हा प्रश्न तो पुढं वर्षभर विचारत राहिला.

मग लगेच फेब्रुवारीत हैदराबादला घरच्या प्रेक्षकांसमोर पहिलं डब्ल्यूटीए (महिलांच्या व्यावसायिक टेनिसचं) विजेतेपद. अंतिम सामना तीन सेटचा, समोर अल्योना बोंडारेंको. पुढं दुबईत कुझ्नेत्सोव्हाला हरवलं, ती त्या वेळची अमेरिकन ओपन विजेती होती. सप्टेंबरात अमेरिकन ओपनची चौथी फेरी, तिथं शारापोव्हानं थांबवलं. नऊ महिन्यांत एवढं सगळं! आणि हे सगळं एकेरीत बरं का, बेसलाईनसाहेब. २००६ मध्ये सोलला तिनं हिंगीसला हरवलंय, पहिला सेट गमावून. हीच हिंगीस नऊ वर्षांनी तिची जोडीदार झाली.

अर्धा कप (सकाळी ७:४५)

आमची आजी २०१२ साली लंडन ऑलिंपिक बघताना म्हणाली, "ही पोरगी टेनिस सोडून फुलं कधीपासनं मारायला लागली?" सायना नेहवाल चालू होती. आजीच्या लेखी आजही सानिया आणि सायना एकच, "ती हैदराबादची".

पेठेतली (सकाळी ११:०२)

सानियाच्या फोरहँडइतकंच (उजव्या बाजूच्या फटक्याइतकंच) तिच्या स्कर्टवरही त्या वर्षी बोललं गेलं, ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. (हो, बाईच आहे. कोल्हापूरच्या पेठेतल्या बायका "मी आलो, मी गेलो"च म्हणतात. पुण्याच्या लोकांनी दरवेळी व्याकरण तपासू नये.)

मी नव्वदच्या आसपास इथल्या एका क्लबात खेळायचो. सलवार-कमीज घालून. ओढणी कमरेला गाठ मारून. सर्व्हिसला हात वर गेला की कमीज काखेत ताणायचा, म्हणून आईनं दोन्ही बाजूंना कळ्या घालून दिल्या होत्या. संध्याकाळी सहा ते आठ कोर्ट मोठ्या सभासदांचं, आम्हाला दुपारी अडीचला बोलवायचे. मे महिन्यात, अडीचला. दोन वर्षांत चार मुलींची एक मुलगी राहिली, मग तीही नाही.

२००५ ला ती पोरगी टीव्हीवर नाकात नथनी, अंगात टीशर्ट, असली बिनधास्त बघितली आणि मला पहिल्यांदा राग आला. तिचा नाही. त्या अडीच वाजताच्या उन्हाचा.

मला नंबर कळत नाहीत. त्यानंतर माझी भाची शॉर्ट्स घालून सायकलीवरून कोर्टवर जाते आणि कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर कुणी मान वळवत नाही, माझ्यासाठी कारकीर्द ती.

रंकाळा चौपाटी (सकाळी ११:१५)

+१००. आणि मान वळते ताई, फक्त आता बोलत नाहीत. तेवढाच फरक.

नवा गडी (दुपारी १२:३०)

पण तिच्या लग्नानंतर खेळावर परिणाम झाला का? म्हणजे शोएबचं ते प्रकरण…

संपादक मंडळ (दुपारी १२:५२)

या विषयावरचे ११ प्रतिसाद उडवले आहेत. धागा टेनिसचा आहे. धाग्याचं काश्मीर करू नये.

तांबडा पांढरा (दुपारी १२:५५)

अकरा?! मी जेवायला गेलो आणि एवढं चुकलं!

जुना मार्कर (दुपारी ४:१०)

नमस्कार. मी बोलतोय, नातू टाईप करतोय. त्यानं त्याच्या मनचं घातलं तर मला माफ करा.

मी तीस वर्षं मार्कर होतो. नवीन लोकांना माहीत नसंल. मार्कर म्हणजे क्लबात सभासदाला जोडीदार नसला की त्याच्याशी खेळायला ठेवलेला गडी. सभासदाला जास्त हरवायचं न्हाई आणि लई जिंकूबी द्यायचं न्हाई, ही खरी कला.

पहाटे पाचला कोर्ट करायचं काम बी माझंच. मुरूम खाली, वर चाळलेली तांबडी माती. आठवड्यातनं एकदा शेणकाला. शेण ताजं लागतंय, म्हशीचं न्हाई, गाईचं. बादलीत पातळ कालवायचं, पोत्यानं एका दिशेनं ओढत जायचं. मग रोलर. मग दोरी ताणून चुन्याच्या रेघा. उन्हं वर यायच्या आत वाळलं पायजे, न्हाईतर वरची साल निघती आणि बॉल वाकडा उठतो. सानियानं लहानपणी हैदराबादेत असल्याच शेणानं सारवलेल्या कोर्टवर सुरुवात केली, तिनंच कितींदा सांगितलंय. तवा मला लई बरं वाटलं.

आता मुद्द्याचं. तिच्यात दोन गोष्टी होत्या. फोरहँड असा की बायकांत मोजक्यांचाच तसला. आणि दुसरी सर्व्हिस, म्हंजे पहिली चुकल्यावरची, मऊ. एकेरीत समोरची ती दुसरी सर्व्हिस धरून बसायची. एकदा, दोनदा, सामनाभर. कोर्टभर पळवलं की पायबी कमी पडायचे. दुहेरीत काय हुतंय, सर्व्हिस मऊ असली तरी जाळीवर जोडीदार उभी असती. मारणारीला तिला चुकवून मारायला लागतंय. आणि पळायचं अर्धं. मग उरलं काय? फोरहँड. सगळा वेळ नुसता फोरहँड.

बेसलाईनदादा म्हणतात अर्धं कोर्ट दुसरी सांभाळती. खरं हाय. पण दुहेरीत चौघी असत्यात, विचार करायला निम्माच वेळ मिळतोय. जाळीवर उभ्या बाईला विचारा.

भवानी मंडप (दुपारी ४:३५)

मार्करकाका, काळजाला हात घातलात. नातवाला एक कटवडा माझ्याकडून.

हिंगीसबरोबर नेमकं हेच झालं. सानिया मागून फोरहँडनं समोरच्यांना वाकवायची, चेंडू जरा वर उठला की हिंगीस जाळीवर त्याचा निकाल लावायची. मार्च २०१५ मध्ये दोघी एकत्र आल्या. इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन, पहिल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. १३ एप्रिल २०१५ ला सानिया दुहेरीत जगात पहिली. एकेरी असो, दुहेरी असो, भारताची कुठलीच बाई तिथं पोचली नव्हती. एकूण ९१ आठवडे ती तिथं होती.

एक वाचक (दुपारी ४:५०)

पण ती एकटी कुठं पहिली होती, हिंगीस होती म्हणून. हिंगीस काढा, मग सांगा.

भवानी मंडप (संध्याकाळी ५:२५)

काढली. २००९ ऑस्ट्रेलियन ओपन मिश्र दुहेरी, भूपतीबरोबर. २०१२ फ्रेंच, पुन्हा भूपती. २०१४ अमेरिकन ओपन, ब्राझीलचा ब्रुनो सोआरेस. त्याच वर्षी कारा ब्लॅकबरोबर वर्षअखेरची डब्ल्यूटीए फायनल्स. एशियाडची मिश्र दुहेरीची सुवर्णं दोन, २००६ ला पेस आणि २०१४ ला साकेत मायनेनी. यात हिंगीस कुठं दिसली तर सांगा.

हिंगीसबरोबरची महिला दुहेरीची तीन ग्रँड स्लॅम (चार सर्वांत मोठ्या स्पर्धांतली विजेतेपदं) यात धरलेलीच नाहीत.

बेसलाईन (रात्री ८:१५)

आकडे मलाही पाठ आहेत, फेकू नका. मी २०१५ चा विम्बल्डन अंतिम सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला आहे, दुहेरीला नावं ठेवणारा असूनही. समोर मकारोव्हा-व्हेस्निना. पहिला सेट ५-७ गेला. दुसरा टायब्रेकवर काढला. तिसऱ्यात २-५ मागे. मी चहा टाकायला उठलो होतो, कारण संपलंच होतं. परत आलो तर ५-५, आणि अंधार पडायला लागला म्हणून छत बंद करून दिवे लावत होते. चहा ओतू गेला. ७-५ नं जिंकल्या.

तर मी आंधळा नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की ही गोष्ट वेगळी आणि एकेरीचं विम्बल्डन वेगळं.

तांबडा पांढरा (रात्री ८:२०)

दुय्यम खेळापायी चहा ओतू गेला म्हणता? 😄

खासबाग (रात्री ८:२४)

खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी.

पुणेरी पाटी (रात्री ८:५०)

मुळात कोल्हापुरात टेनिस खेळतात ही बातमी आमच्यासाठी नवी आहे. आम्हाला वाटायचं तिथं फक्त कुस्ती, फुटबॉल आणि रस्सा.

रंकाळा चौपाटी (रात्री ८:५८)

@पुणेरी पाटी, आपल्या गावची एक पोरगी २०२२ ला विम्बल्डनला चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत भारताकडून खेळून आली. आणि नेमबाजी विसरलात काय? तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला जगज्जेती, राही सरनोबत २०१८ ला एशियाड सुवर्ण, स्वप्नील कुसाळे पॅरिसला कांस्य, तो आमच्या राधानगरी तालुक्यातला. दुपारी एक ते चार झोपून हे होत नाही.

पुणेरी पाटी (रात्री ९:०१)

शेवटचं वाक्य अनावश्यक होतं. बाकी मान्य.

खासबाग (रात्री ९:२०)

अवांतर होतंय, पण पैशाचं कुणीतरी बोला. खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला जायचं होतं, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. म्हणून ते कांस्यपदक आलं. टेनिसला तर दर आठवड्याला परगावी जावं लागतंय म्हणे. घर गहाण टाकणारा प्राचार्य दर आठवड्याला कुठून आणायचा?

टाकाळ्याची माई (रात्री ९:४५)

@खासबाग, खरं आहे. चेंडूंचा डबा, शूज, गटिंग (रॅकेटच्या तारा बसवणं), प्रवेश फी, पुण्याच्या बसचं तिकीट, तिथली लॉज. वर्षाचा हिशोब मी वहीत लिहिते आणि वही ह्यांना दाखवत नाही.

बाकी वाचतेय सगळं. मार्करकाकांचा प्रतिसाद लेकीला मोठ्यानं वाचून दाखवला. "नुसता फोरहँड" वर हसली. चार दिवसांत पहिल्यांदा.

दूरदेशी (मंगळवार, पहाटे ४:३०)

मूळचा शाहूपुरीचा, आता मेलबर्नला. जानेवारी २०२३ ला मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्याला रॉड लेव्हर अरीनात होतो. सानिया आणि बोपण्णा, समोर ब्राझीलचे स्टेफानी-मातोस. तिचा शेवटचा ग्रँड स्लॅम सामना. हरले.

मी वरच्या रांगेत होतो, खालचं तिकीट परवडत नाही. माझ्या पुढं एक पंजाबी कुटुंब, बाजूला दोन तमिळ पोरं. सामन्यानंतर माईक हातात घेतला आणि १८ वर्षांपूर्वी इथंच सेरेनासमोर उतरले होते असं म्हणता म्हणता तिचा आवाज फुटला. मुलगा इझहान स्टँडमध्ये होता. आई म्हणून पुन्हा उभी राहिलेली बाई ती. ८९ किलोवरून ६३ वर आली हे तिनंच फोटोसकट सांगितलं होतं, आणि २०२० ला परतल्यावर पहिलीच स्पर्धा, होबार्ट, नादिया किचेनोकबरोबर जिंकली होती.

एक गोष्ट माईंसाठी. बोपण्णा हा तिचा मिश्र दुहेरीतला पहिला जोडीदार, ती चौदाची असतानाचा. तुमच्या लेकीएवढी. पहिला जोडीदार आणि शेवटच्या ग्रँड स्लॅमचा जोडीदार एकच निघावा, याचं मला त्या रात्री ट्रॅममध्ये फार वाटत राहिलं.

हाडवैद्य नव्हे (मंगळवार, सकाळी ८:४०)

मी फिजिओथेरपिस्ट. इतके प्रतिसाद आले, पण ज्या मनगटावरून धागा निघाला त्याच्याकडे कुणी बघेना.

सानियाचं मनगट २००८ ला गेलं. बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिला सामना अर्धवट सोडावा लागला, त्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. फोरहँडला रॅकेट पुढे येताना मनगट मागे वाकलेलं राहतं आणि चेंडूला लागताना झटक्यात सुटतं. तिच्या फोरहँडची सगळी ताकद त्या झटक्यात होती. त्यामुळं जिथं ताकद तिथंच दुखणं. त्यानंतरही ती चार वर्षं एकेरी खेळत राहिली आणि २०१२-१३ च्या सुमाराला थांबली, वयाच्या २६ च्या आसपास. गुडघेही कुरकुरत होते.

माई, तीन गोष्टी सांगा. दुखतं ते अंगठ्याच्या बाजूला की करंगळीच्या? फोरहँडला की सर्व्हिसला? आणि दोन महिन्यांपूर्वी नवीन काय झालं: जास्त सराव, नवा कोच, नवी रॅकेट?

बेसलाईन (सकाळी ९:१०)

@हाडवैद्य नव्हे, उत्तम प्रतिसाद. तुम्ही लिहिलेल्या एका आकड्यावर माझा मुद्दा पुन्हा उभा राहतो, आणि आता माझ्या विरोधकांनाही तो पटेल.

सानियानं एकेरी सोडली ती २६ व्या वर्षी. चौदाव्या नाही. तो फोरहँड दुहेरीत तयार झालेला नाही. कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटीनं पळून, सेरेना-शारापोव्हाकडून मार खाऊन तयार झालाय. दुहेरीत तिनं ते भांडवल वापरलं. कोच चौदा वर्षांच्या पोरीला "सानियानंही तेच केलं" म्हणत असतील तर ते अर्धीच गोष्ट सांगताहेत.

आणि हो, ती पहिली झाली, ४१ सामने सलग जिंकली, त्यात नऊ स्पर्धा. त्याला "दुय्यम" म्हणालो होतो तो शब्द मागे घेतो. "वेगळं" म्हणतो. यापेक्षा जास्त मागू नका.

जुना मार्कर (सकाळी १०:३०)

(नातू कॉलेजला जायच्या आधी घाईत टाईप करतोय.)

बेसलाईनदादा बरोबर. पोरीला आत्ता दोन्ही खेळू दे. दुहेरीत जाळीवर हात तयार हुतोय, एकेरीत पाय. पाय आत्ता झाले न्हाईत तर पुन्हा हुत न्हाईत.

माईसाहेब, फिजिओबाईंचा शेवटचा प्रश्न लई महत्त्वाचा. रॅकेट कुठली हाय? मुठीच्या बुडाला गोल टोपण असतंय, त्यावर आकडा असतोय. तो बघून सांगा. आणि गट, म्हंजे रॅकेटच्या तारा, कुठलं, किती पौंडाच्या ताणाला वढलंय?

टाकाळ्याची माई (सकाळी ११:१५)

फिजिओताई, करंगळीच्या बाजूला दुखतं, फोरहँडला. सराव तेवढाच आहे, कोच तेच आहेत. मे महिन्यात रॅकेट मात्र बदलली. तिची जुनी तडकली, तेव्हा दिरांनी त्यांची जपून ठेवलेली चांगली रॅकेट दिली. महागाची आहे म्हणून आम्हालाही आनंद झाला होता. लेक शाळेतून आली की बुड बघते.

तांबडा पांढरा (सकाळी ११:१७)

दिरांची?!

माईची लेक (संध्याकाळी ५:५०)

मी आईच्या मोबाईलवरून नवीन खातं काढलंय. बुडावर ३ लिहिलंय. गट पॉलिस्टरचं आहे, काकांनी ५८ पौंडाला ओढून दिलं होतं, "कंट्रोल येतो" म्हणाले.

आणि मी एकेरी सोडणार नाही.

जुना मार्कर (संध्याकाळी ६:४०)

तीन नंबर? बाळा, ती मूठ गड्यामाणसाची हाय. बघ, रॅकेट खेळताना धरतीस तशी धर. बोटांची टोकं आणि तळव्याची गादी, मधी दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं पायजे. तुझं किती मावतंय?

माईची लेक (संध्याकाळी ६:४४)

दोन मावतायत. थोडी जागा उरते.

हाडवैद्य नव्हे (संध्याकाळी ६:५०)

मूठ जाड म्हणून रॅकेट हातात फिरू नये यासाठी ती जास्त आवळते. त्यात कडक गट इतकं ताणलेलं, म्हणजे प्रत्येक चेंडूचा हिसका सरळ मनगटात. एवढंच कारण आहे असं मी इथं बसून म्हणणार नाही, डॉक्टर बघताहेत ते बघू देत. सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे, त्यात एक दिवस कमी नाही. पण ती रॅकेट आता परत द्या, आणि डॉक्टरांनाही हे सांगा.

जुना मार्कर (संध्याकाळी ७:०५)

एक नंबरची मूठ घ्या, न्हाईतर फार तर दोन. गट मऊ, पन्नासच्या आत. नवी घ्यायची घाई करू नका, माझ्याकडं दोन-तीन जुन्या पडल्यात, हातात धरून बघू दे. रविवारी सकाळी घेऊन या. रॅकेट बंद हाय तवर पोरीला शेणकाला कसा वढायचा ते दाखवतो, पण डाव्या हातानं.

खासबाग (संध्याकाळी ७:१०)

आमच्यातबी असंच हाय. नवीन पोरगं आलं की आधी माती उकरायची, तूप-ताक घालून कालवायची. मग लंगोट.

तांबडा पांढरा (संध्याकाळी ७:१२)

माई, दिरांना हा धागा दाखवलात का?

टाकाळ्याची माई (रात्री ९:३०)

दाखवला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, चष्मा पुसून दोनदा. "कॉलेजच्या संघात राखीव" इथं थांबून माझ्याकडं बघितलं. मी भाकरी उलटत होते.

मग उठून आतनं रॅकेट आणली, बुडावरचा आकडा बघितला, मुठीत धरून स्वतःचं बोट घालून बघितलं. एकच मावलं. काही बोलले नाहीत. जाताना लेकीला म्हणाले, रविवारी मार्करकडं मी सोडतो.